आश्रुबांचा वाटा

प्रभुभोजनाची चपाती मी करते. तेल नाही, मीठ नाही, जरा जाडसर. गार झाली की सुरीने तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, ताटलीत मांडायचे आणि वर पांढरा रुमाल टाकायचा. उपासनेत हेच तुकडे भाकर म्हणून वाटतात. काळ्या मनुका उकळून, कुस्करून, फडक्यातून गाळून द्राक्षारसही मीच करते. पाळकाची बायको म्हटल्यावर एवढं आलंच. उपदेश ह्यांनी करायचा, पीठ मी मळायचं.

आष्टीच्या पुढे, नगरकडे जाणारा रस्ता सोडून आत गेलं की आमच्या चर्चची मंडळी लागते. पंचवीस-तीस घरं. दिवाळी झाली की त्यातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात, आणि चर्चात म्हातारी माणसं, शाळकरी पोरं आणि आम्ही दोघं उरतो. रिकाम्या चटयांना उपदेश करायला माणूस हट्टी लागतो. आमचे हे तसे आहेत.

त्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात ह्यांनी पापावर उपदेश सुरू केले. एका रविवारी विषय होता, कोणतं पाप मोठं आणि कोणतं लहान.

"वजन आपण माणसं करतो," हे म्हणाले. "देवाकडे तागडी नाही. खून करणारा आणि शेजाऱ्याच्या शेतावर डोळा ठेवणारा, दोघंही त्याच्यापुढे सारखेच दोषी. आणि पश्चात्ताप केला तर दोघंही सारखेच मोकळे."

बोलतात चांगलं. मला मात्र ऐकताना राग येत होता. मी पेटी वाजवते, त्यामुळे माझं तोंड लोकांकडे असतं, आणि मला मागची चटई दिसते.

मागची चटई म्हणजे दाराजवळची, चपलांच्या शेजारची. ज्याला प्रभुभोजनाची बंदी आहे त्याने तिथं बसायचं आणि ताटलीवरचा रुमाल उचलायच्या आधी उठून बाहेर जायचं, अशी इथली जुनी रीत. आम्ही चार वर्षांपूर्वी बदलून आलो तेव्हापासून त्या चटईवर मी एकच माणूस पाहिला. आश्रुबा. ते उठून बाहेर जात नसत. मान खाली घालून बसून राहत, आणि ताटली त्यांच्या डोक्यावरून पलीकडे जाई.

त्यांचं पाप गावातल्या पोरासोरांनाही पाठ होतं. त्यांची नात सुवार्ता चार वर्षांची असताना तापाने फणफणली. आई-बाप कारखान्यावर, पोर आजोबांकडे. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा आश्रुबांनी ओढ्याकाठच्या म्हसोबाला बोकड बोलला. पोर उठून बसली. आश्रुबांनी बोकड कापला आणि वाढदिवसाचं जेवण म्हणून साऱ्या मंडळीला वाढला. लोक बोटं चाटून जेवले. आठ दिवसांनी खरं कळलं, आणि जे खाल्लं ते मूर्तीपुढचं होतं म्हणून चर्चात रडारड झाली. सगळ्यात जास्त संतापला तो आसाराम, आमच्या पंचांतला मुख्य. त्याचा राग बोकड कापल्याचा कमी होता. त्या रश्श्यासाठी आपण दुसऱ्यांदा वाडगं पुढे केलं होतं, याचा जास्त होता. आश्रुबांना त्याच दिवशी मागची चटई मिळाली. त्या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली होती.

आसाराम दारू पितो आणि बायकोला मारतो. छबुबाईचा डावा कान त्याच्याच हाताने गेला. पण आसाराम वर्षातून एकदोनदा मंडळीपुढे उभा राहतो आणि ठरलेलं वाक्य घडाघडा म्हणतो, "मी देवाविरुद्ध आणि या मंडळीविरुद्ध पाप केलं आहे, मला त्याचा पश्चात्ताप होत आहे." म्हणताना रडतो. रडणं खोटं नसतं. त्याच रविवारी त्याला भाकर मिळते.

तर त्या रविवारी उपासना संपल्यावर आश्रुबा ह्यांच्यापुढे येऊन उभे राहिले. येऊन म्हणजे सुवार्ताने धरून आणलं. हिवाळ्यात कावीळ झाली ती उतरलीच नव्हती. नगरच्या डॉक्टरांनी पोटाचे फोटो काढले आणि घरी न्या, म्हणाले. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगात सदरा नुसता लटकलेला.

"सलाम साहेब," ते म्हणाले. "येक मागायचं हाय. आता मला लई दिस न्हाईत. जायच्या आधी येकदा मेजाची भाकर द्या."

प्रभुभोजनाचा एक तुकडा, बस, एवढंच मागणं. दुसरं काही त्या माणसाने आमच्याकडे कधी मागितलं नाही. हे म्हणाले, पंचांपुढे ठेवतो.

पंच आमच्याच ओसरीवर बसले. आसाराम आणि आणखी दोघं, जे आसाराम मान हलवेल तिकडे मान हलवतात. मी चहा नेला. छबुबाई पायरीवर बसून माझ्यासाठी हरभऱ्याची भाजी खुडत होती.

"आमची कुठं ना हाय?" आसाराम म्हणाला. "त्यानं म्हणावं, पाप केलं, पश्चात्ताप होतोय. उभं ऱ्हाता येत न्हाई तर घरी बसून म्हणावं, आमी जाऊ ऐकायला. समद्यांना हेच हाय. मी न्हाई का म्हणत?"

"तुमच्यासारखं दर सहा महिन्यांनी म्हणायचं का भाऊ, की एकदाच?" मी विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. पण आसाराम चिडला नाही. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "बाई, मी दारूत मारतो. त्यानं शुद्धीत बोकड कापला. पहिली आज्ञा मोडली त्यानं, दुसरा देव केला. बायकोचं धा आज्ञांत कुठं हाय, सांगा बरं."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. परवाच पुलपिटावरून तागडी मोडणारा माणूस आता चहात बिस्किट बुडवत होता. छबुबाईचा डावा कान आमच्याकडे होता. तिने ऐकलं की नाही ते मला कळलं नाही. ती भाजी खुडत राहिली.

बुधवारी आम्ही दोघं आश्रुबांकडे गेलो. पत्र्याचं घर, पुढे लिंबाखाली बाज. बाजेवर ते उशाला गोधडी लावून पडले होते. सुवार्ता बारावीला होती, परीक्षा चालू होती, पुस्तक चुलीपाशी उघडं पडलं होतं. ती चहा ठेवायला लागली.

ह्यांनी पंचांचं म्हणणं सांगितलं. आश्रुबांनी शांतपणे ऐकलं.

"साहेब, पाप केलं म्हणायला माझी ना न्हाई," ते म्हणाले. "केलंच की. हजारदा म्हणतो. पर पस्तावा न्हाई हो झाला."

"थोडासुद्धा?"

"पोरीचं डोळं पांढरं झालतं साहेब. आष्टीत म्हणले नगरला न्या. नगरात म्हणले उशीर झाला, घरी न्या. पोरगा-सून तिकडं फडात. त्यांना काय तोंड दाखवू? लई प्रार्थना केली. तुमच्या आधीच्या साहेबांनी बी केली, हात ठिवून. ताप हालंना. मी राधाकिशन पाटलांकडं सालानं होतो तवा. ते म्हणले, आश्रुबा, म्हसोबाला बोल, बोकड मी देतो. बोललो. तिसऱ्या दिशी पोरीनं भाकर मागितली."

"प्रभूनेच बरं केलं तिला. तुमच्या प्रार्थनेनं."

"आसंल. म्हसोबानं केलं आसं मी कवा म्हणलो? कुणी केलं मला काय ठावं. मी त्या येळंला समदी दारं वाजवली. पुन्हा तशी येळ आली तर पुन्हा वाजवीन. ती समोर हिंडतीय, च्या करतीय. तिच्याकडं बघत पस्तावा झाला आसं कसं म्हणू?"

सुवार्ताने पातेल्यावर झाकण ठेवलं. ती आमच्याकडे पाठ करून बसली होती.

हे बाजेच्या कडेला सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आश्रुबा, नुसतं तोंडाने म्हणा. देवाला तुमचं मन माहीत आहे. बाकीचं मी बघतो."

आश्रुबा गोधडीला टेकून जरा वर सरकले.

"म्हंजी खोटं बोलू? मेजाच्या भाकरीपायी?" ते म्हणाले. "तुमीच म्हणले साहेब, देवाकडं तागडी न्हाई, समदी पापं सारखीच. मंग बोकडाचं येक झालंय, त्याच्यावर हे दुसरं कावून करायला लावता?"

चहा आला, आम्ही प्यायलो, प्रार्थना झाली. वाटेत मी म्हटलं, "तुम्ही देऊन टाका ना. तुकडा मी कापते, तुम्ही द्या. आसाराम काय तुमचा हात धरणार आहे?"

"मंडळी फुटेल," हे म्हणाले. "एकाला शिस्त सोडली की उद्या कुणी कुणाला मानणार नाही."

मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. वाईट माणूस नाही. चार ठिकाणी बदली होऊन आलेला माणूस आहे, पाचवी नको होती त्याला. मी पुढे काही बोलले नाही. ते मी बोलायला हवं होतं का, याचा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

महिन्याचा पहिला रविवार प्रभुभोजनाचा. त्या दिवशी मागची चटई रिकामी होती. आश्रुबांना बाजेवरून उठवत नव्हतं. सुवार्ता एकटीच आली आणि नेहमीसारखी मुलींत बसली. मंडळीपुढे विश्वास कबूल करून तिचं दृढीकरण झालेलं होतं, म्हणून तिला भाकर मिळायची. इतकी वर्षं आजोबांच्या देखत मिळत होती.

मेजावरचा रुमाल उचलायच्या आधी हे रीतीप्रमाणे विचारतात, कुणाला मंडळीपुढे काही कबूल करायचं आहे का. आसाराम नसला तर बहुधा कुणी उठत नाही. त्या दिवशी सुवार्ता उठली. पुढे येऊन लोकांकडे तोंड करून उभी राहिली, माझ्या पेटीपासून हातभर अंतरावर. तिच्या बोटांना परीक्षेची शाई लागलेली होती.

"मी देवाविरुद्ध आणि या मंडळीविरुद्ध पाप केलं आहे," ती म्हणाली.

"काय पाप केलंस पोरी?" आसारामने विचारलं. मायेनेच विचारलं.

"मी जगले."

कुणाला कळलं नाही. ती पुढे बोलत राहिली, खालच्या पण स्पष्ट आवाजात. "माझ्या आज्याला पश्चात्ताप होत न्हाई, कारण मी त्याच्या डोळ्यापुढं हाय. म्हणून त्याच्या जागी मी करते. मी तवा मरायला पायजे होते. जगले, याचा मला पश्चात्ताप होत आहे. आता त्याला भाकर द्या."

माझे हात पेटीवरून खाली आले. एखाद्याने उठावं, तिचं तोंड हाताने झाकावं, पोरी असं बोलू नये म्हणावं. मी ह्यांच्याकडे बघत होते. हे मेजाकडे बघत होते. पहिला बोलला तो आसाराम.

"घरातल्या कुणीबी केला तरी पश्चात्ताप तो पश्चात्तापच," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "माझी हरकत न्हाई. द्या म्हाताऱ्याला." बाकीच्या दोघांनी माना हलवल्या.

तो त्या वेळी कपटाने वागला असता तर मला सोसलं असतं. तो मनापासून उदार झाला होता. एका पोरीने आपलं जगणं चूक होतं म्हणून कबूल केलं, आणि आमच्या मंडळीने ते चालवून घेतलं. ह्यांनी प्रार्थनेला मान खाली घातली, मग सगळ्यांनी घातली. मी वर पाहिलं तेव्हा सुवार्ता चपला घालून बाहेर गेली होती. ताटली तिच्यासाठी थांबली नाही.

दुपारी आम्ही भाकर घेऊन निघालो. "एकच तुकडा ठेव," हे म्हणाले. मी स्टीलच्या छोट्या डबीत एक तुकडा ठेवला, बाटलीत घोटभर रस घेतला.

आश्रुबांना बातमी कळली होती. भाकर मिळणार एवढीच. सुवार्ताने त्यांना बसतं केलं होतं. त्यांनी पाणी मागून चूळ भरली, तोंड पुसलं, उशाखालची टोपी काढून डोक्यावर ठेवली. लग्नाला निघालेल्या माणसाची असते तशी त्यांची घाई चालली होती. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

ह्यांनी शास्त्रपाठ वाचला, प्रार्थना केली आणि तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. आश्रुबांनी हात तोंडाकडे नेला आणि मधेच थांबवला.

"आसाराम कसा काय मानला?"

"मंडळीने मान्य केलं," हे म्हणाले.

"पर मी तर काय म्हणलो न्हाई."

"मी म्हणले, आबा," सुवार्ता म्हणाली.

"काय म्हणली तू?"

ती चुलीकडे वळली. ह्यांनी बायबल मिटलं. आश्रुबांनी ते पिवळे डोळे माझ्याकडे वळवले. "बाई, तुमी सांगा."

मी सांगितलं. गोड करून सांगता आलं असतं, असं ह्यांनी मला नंतर खूप ऐकवलं. मी शब्दाला शब्द सांगितला.

आश्रुबांचा हात मांडीवर आला. तुकडा तसाच तळहातावर. पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता.

"हिकडं ये," ते सुवार्ताला म्हणाले. ती बाजेपाशी येऊन खाली बसली. त्यांनी दुसऱ्या हाताने तिची हनुवटी धरली.

"साहेबांचं त्यांच्यापाशी. मी सांगतो ते ऐक. बोकडाचं पाप ल्हान हाय. खोट्याचं जरा मोठं. आन हे जे तू बोलली ते समद्यात मोठं. जगल्याचा पस्तावा करायचा न्हाई. मी मेल्यावर बी न्हाई. आ कर."

तिने मान हलवली.

"आ कर म्हणतो ना."

तिने तोंड उघडलं. त्यांनी तो तुकडा तिच्या जिभेवर ठेवला. तापातून उठल्यावर त्यांनी तिला असंच भरवलं असेल. ती रडत होती, तुकडा तोंडात तसाच, आणि ते म्हणत होते, गीळ, गीळ बाळा. तिने गिळला तेव्हा त्यांनी तिची हनुवटी सोडली आणि टोपी काढून ठेवली.

ह्यांच्या हातात रसाची बाटली तशीच होती. घरी डब्यात अर्धी चपाती शिल्लक होती, आणि घर हाकेच्या अंतरावर.

"मी दुसरा तुकडा आणते," मी म्हटलं. ह्यांनी मला अडवलं नाही, एवढं त्यांच्या बाजूने सांगते. मी पायात चपला सरकवल्या होत्या.

"नगं बाई," आश्रुबा म्हणाले. डोळे मिटलेले. "माझा वाटा गेला पोटात."

गुरुवारी ते गेले. कारखाना बंद व्हायला आठवडा होता. मुलगा-सून पोचेपर्यंत उन्हामुळे माती थांबवता आली नाही. चर्चची घंटा वाजली, गीतं झाली. पंचांनी सगळं करू दिलं, कारण त्यांनी भाकर घेतली असं सगळे धरून चालले होते. आसारामने कबरीपाशी ह्यांना विचारलं, "घेतली ना म्हाताऱ्यानं नीट?" हे म्हणाले, "घेतली." पाळकाच्या तोंडून कबरीच्या काठावर निघालेलं हे खोटं. ते लहान की मोठं, ते मी ह्यांना विचारलं नाही.

ईस्टरला सारे फड परत आलेले असतात. चर्च भरून जातं, नवीन लुगडी, पोरांचा गोंगाट, तीन चपात्या कराव्या लागतात. सुवार्ताही आली होती. तिची आई मुलींकडे बोट दाखवत होती, पण ती पुढे आलीच नाही. दाराजवळ, चपलांच्या शेजारच्या चटईवर जाऊन बसली. तिच्यावर कुणी बंदी घातलेली नाही. पंच एकमेकांकडे बघत राहिले, कारण आपण होऊन तिथं बसणाऱ्याला काय म्हणावं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

ताटली आसारामकडे गेली, त्याने तुकडा घेतला. छबुबाईने घेतला. ओळीओळीने मागे जात ताटली दाराशी पोचली आणि या खेपेला डोक्यावरून गेली नाही. धरणारा तिच्यापुढे वाकून उभा राहिला. मी पेटीवरून बघत होते. सुवार्ताने ताटलीकडे पाहिलं, हात जोडले आणि मान हलवून नको म्हटलं.

त्यालाही आता वर्ष होईल. दर महिन्याला मी तिचा तुकडा धरूनच कापते. उपासना संपली की ताटलीत तेवढा एक उरतो.